मेळा शांततेत पार पडला

आपल्या मंडळाच्या गणपतीची बातमी यंदा जबलपूरच्या हिंदी पेपरात तीन ओळींची आली. अध्यक्षांचं आडनाव दुसरंच लागलं आणि नाटक झालं असताना भजन झालं असं छापलं. त्यावरून मंडळात बरीच बोलणी झाली. कुणी म्हणालं संपादकाला पत्र लिहू, कुणी म्हणालं पेपर घेणंच बंद करू. मग दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या दोन मुली माझ्याकडे आल्या. आजी, तुम्ही त्याच पेपरात होत्या, तिथल्या काही गमतीजमती लिहून द्या, म्हणाल्या.

गमती फार नाहीत. आहे ती लिहिते. पण आधी गणपतीचं सांगते. तुमच्या कार्यक्रमाला पेपरचा माणूस आला होता का? नाही. बातमीचा कागद आपल्याच सेक्रेटरीने मोबाइलवरून पाठवला, तोही आदल्या दिवशी, आणि तेव्हा भजनच ठरलं होतं. त्याने पाठवलं ते त्यांनी छापलं. पेपरचं मशीन आता शहराबाहेर, रिछाईच्या कारखान्यांच्या भागात आहे, रंगीत छपाई होते, आणि या एवढ्या शहरासाठी लिहिणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी आहेत, तीही खुर्चीवरून उठत नाहीत. उठली तर फोन कोण घेणार? आडनाव चुकल्याचं मला काही वाटलं नाही. माणूस न पाठवता बातमी छापली की काय होतं, हे मी याहून वाईट पाहिलं आहे. नुसतं पाहिलं नाही, स्वतःच्या हाताने जुळवलं आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माझे वडील लग्नपत्रिका छापणाऱ्या एका लहान प्रेसमध्ये कंपोझिटर होते. शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ बसून मी काम शिकले. लग्न झालं, नवरा रेल्वेत होता, घरी चार माणसं जास्तच होती, म्हणून मी या हिंदी पेपरात लागले. बाई कंपोझिटर तिथे मी एकटीच. दिवसपाळी करायची आणि संध्याकाळी शहराचं पान छापायला मशीनवर सुटलं की घरी जायचं.

खिळे जुळवणं आताच्या मुलांना माहीत नाही. तेव्हा पेपरातलं एकेक अक्षर शिशाचं असायचं. लाकडी पेटीत कितीतरी खण, एका खणात एक अक्षर, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी. वरून लिहून आलेल्या कागदाला कॉपी म्हणत. ती समोर लावायची, डाव्या हातात पट्टी धरायची आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून लावत जायचं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. वर्षभरात मी उलटं इतकं भरभर वाचायला लागले की सुलटं वाचताना अडखळायची. बोटं कायम काळी. माझी सासू म्हणायची, आधी चिंचेने हात घास, मग कणकेला लाव.

वरच्या मजल्यावर लिहिणारे आणि खाली जुळवणारे. मधे एक नियम होता. वरच्या कुणाची तरी सही असलेली कॉपी असल्याशिवाय खिळ्याला हात लावायचा नाही. कॉपीत चूक असली तर चूकच जुळवायची. आपल्या मनाने एक शब्द घालायचा नाही की काढायचा नाही. नियम चांगलाच होता. नाहीतर जो तो आपल्या शेजाऱ्याबद्दल छापत सुटला असता.

मी लागले तेव्हा वर आठ-दहा माणसं होती. त्यात एक तिवारीजी होते, शहराच्या बातम्या आणणारे. सकाळी सायकल काढायचे, आधी कोर्ट, मग मोठं हॉस्पिटल, मग पोलीस ठाणी, मग घाट. दुपारी परत आले की पायजम्याला धूळ आणि खिशात चुरगळलेले कागद. त्यांचं अक्षर घाणेरडं, आम्ही शिव्या द्यायचो. पण त्यांनी लिहिलेल्या बातमीत माणसाचं नाव असायचं, मोहल्ला असायचा आणि कुणी पाहिलं तेही असायचं.

मग नवीन राज्य झालं. राजधानी आपल्याकडे येईल असं सगळं शहर धरून चाललं होतं, ती भोपाळला गेली. त्याचं रडगाणं जबलपुरात अजून चालू आहे. पण कुणाच्या ध्यानात आलं नाही की राजधानीच्या मागोमाग इतर गोष्टीही गेल्या. आमच्या मालकांनी भोपाळला नवीन पेपर काढला आणि लिहिणारी चांगली माणसं एकेक करून तिकडे नेली. तिवारीजी गेले. कोर्टाचा माणूस गेला. उरले संपादक मिश्राजी, तेही आठवड्यातले निम्मे दिवस भोपाळला, आणि एक पांडे नावाचा नवा उपसंपादक. तिवारीजींच्या खुर्चीवर कोऱ्या कागदाचे गठ्ठे ठेवायला लागले.

पानं मात्र तेवढीच होती. ती भरायची कशी? मग खडा मॅटर वाढला. खडा मॅटर म्हणजे जुळवलेला मजकूर मोडायचा नाही, सुतळीने बांधून फळीवर ठेवायचा. पुढच्या वर्षी तोच काढायचा, सन बदलायचं, पाहुण्यांची नावं बदलायची की झाली बातमी. दसऱ्याची मिरवणूक, झेंडावंदन, कडाक्याची थंडी, सगळं फळीवर तयार. फोरमन दुबेजींना त्याचा अभिमान होता. कितीही माणसं जाऊ देत, पान वेळेवर सुटणार, असं ते म्हणायचे.

एका वर्षी दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्ती आलाच नाही. आमच्या पेपरात तो आला, झुलीसकट. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत ऑफिसात आले. नातवाचा हात धरून ते शेवटपर्यंत उभे होते, आणि आता घरचे म्हणत होते तुम्हाला डुलकी लागली असेल. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "भैया, हाथी किधर से निकला?" पांडे म्हणाला, दादाजी, गल्लीतून निघाला. ते बिचारे मान हलवत गेले. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. तुम्हाला हवी होती ती गंमत हीच.

आता दुसरी गोष्ट.

आपल्या मोहल्ल्यात वामनराव म्हणून एक जण राहायचे, अमरावतीकडचे, फॅक्टरीत फिटर. त्यांची बायको कुसुम. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, बोलकी, हसली की तोंडावर पदर घ्यायची. मुलगी शोभा, चार वर्षांची. घरात सासू. सासू-सुनेची बोलाचाली व्हायची, भिंतीपलीकडे ऐकू यायची. कुणाच्या घरी होत नाही?

माघातल्या सप्तमीला इथे नर्मदा जयंती असते. ग्वारीघाटावर मेळा भरतो. तोच दिवस आपल्याकडे रथसप्तमीचा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. त्या वर्षी कुसुमने शेवटचा दिवस धरला होता. आदल्या दिवशी ती स्वतः दारोदार बोलावणं करत फिरली. माझ्या दाराशी उभी राहून म्हणाली, "बाई, प्रेसमधून सरळ माझ्याकडेच या जी. हात काळे असले तरी चालन. सकाळी शोभीला घेऊन घाटावर दिवा सोडून येते, मंग दिवसभर घरीच राहीन मी."

सप्तमीला दुपारी मी कामावर होते. दुबेजींनी फळीवरून नर्मदा जयंतीचा खडा मॅटर काढून माझ्यासमोर ठेवला. वरून पांडेने पाहुण्यांच्या नावांची चिठ्ठी पाठवली होती. मी सन बदललं आणि नावं बसवायला घेतली. तेवढ्यात रामकिशन आला. हा आमचा मशीनमन, मशीनवर कागद चढवणारा. सकाळी नर्मदेवर आंघोळ करून दुपारच्या पाळीला यायचा. त्या दिवशी आला तो कोपरापर्यंत खरचटलेला, धोतर ओलं. सगळ्यांसमोर सांगायला लागला. पायऱ्यांवर गर्दीचा रेटा आला, बांबूचा कठडा तुटला, पुढची माणसं खाली गेली. बाकीची निघाली, एक बाई निघाली नाही. हिरवं लुगडं होतं. तिच्या हातात एक लहान मुलगी होती, तिला तिने वर ढकललं आणि याने दंडाला धरून ओढून घेतलं. नाववाले अजून शोधत होते. मुलगी त्याने मागून आलेल्या, तिला ओळखणाऱ्या बायकांच्या हवाली केली आणि आला.

मी दुबेजींना म्हटलं, हे वर सांगा. ते गेले, पाच मिनिटांत खाली आले. मिश्राजी भोपाळला होते. पांडे म्हणाला होता, पोलिसांकडून काही आलेलं नाही, आणि मशीनमनच्या सांगण्यावरून बातमी कशी घ्यायची? उद्या बघू. दुबेजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईजी, लिखके कौन देगा? पेज छोड़ो."

पेपरातला माणूस डोळ्यांनी बघून आला होता. त्याचं खरचटलेलं कोपर समोर होतं. पण तो लिहिणाऱ्यांतला नव्हता. मीही नव्हते. अक्षरं सगळी माझ्या हाताशी होती, कॉपी नव्हती. मी उरलेली नावं बसवली. शेवटची ओळ मागच्या वर्षीचीच होती, तिला हातही लावावा लागला नाही. मेळा शांततेत पार पडला, कोणतीही अप्रिय घटना घडली नाही. प्रूफ निघालं, पान सुटलं, मी हात धुतले आणि कुसुमच्या घरी हळदीकुंकवाला निघाले.

दार उघडं होतं. ओट्यावर रांगोळी होती. आत पाटावर तिळगुळाची परात, बोरं, ओंब्या, वाणाच्या लाकडी फण्या ओळीने मांडलेल्या. सकाळी जाण्याआधीच तिने सगळं मांडून ठेवलं होतं. सासू भिंतीला टेकून बसली होती आणि शोभी तिच्याजवळ, अंगात दुसऱ्या कुणाचं तरी कोरडं झबलं. मोहल्ल्यातल्या बायका उभ्या होत्या. मी एकीला विचारलं, कुसुमने कोणतं लुगडं नेसलं होतं? तिने सांगायच्या आधी मला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला, तिलवाऱ्याच्या घाटाकडे ती सापडली.

यानंतर जे झालं ते पाण्यात झाल्याहून वाईट. कठडा ज्याने बांधला आणि ज्याने पास केला, त्या कुणालाच तो तुटलेला नको होता. पोलिसांनी शेजारी विचारपूस केली, घरात भांडणं होती एवढं त्यांना मिळालं, आणि बाईने स्वतः जीव दिला असं लिहून टाकलं. वामनराव सिविल लाइंसमध्ये, अशा मृत्यूंची चौकशी बघणाऱ्या सरकारी साहेबाच्या ऑफिसात गेले. साहेबाच्या कारकुनाने आमच्या पेपरचं कात्रण त्यांच्यापुढे सरकवलं. बघा, कठडा तुटल्याचं अक्षर नाही. पेपरवालेसुद्धा म्हणतात काही झालं नाही. वामनरावांनी सांगितलं, तिने संध्याकाळी वीस-पंचवीस बायका घरी बोलावल्या होत्या, फण्या मांडून ठेवल्या होत्या, अशी बाई सकाळी जीव कशाला देईल? कारकून इकडचा. त्याला हळदीकुंकू काय ते माहीत नव्हतं. कुछ पूजा रही होगी, म्हणाला, आणि फाइल बांधली.

मग ते आमच्या ऑफिसात आले. मी दुबेजींना विचारून त्यांच्याबरोबर वर गेले. मिश्राजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी वामनरावांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. दोन ओळी छापा, एवढंच वामनरावांचं मागणं होतं. कठडा तुटला आणि ती पडली. मिश्राजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "भाई साहब, हम लिख दें कि हमारा आदमी मेले में गया ही नहीं था? कल कौन पढ़ेगा हमको?"

वामनराव उठले. जिन्यात मला म्हणाले, "बाई, लोक तर म्हणूनच राहिले. माझी आईही म्हणते. उद्या पोरगी मोठी होईन, तिला कोण सांगन?"

दुसऱ्या दिवशी रामकिशन माझ्या पेटीपाशी आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की सिविल लाइंसमध्ये अजून जबाब घेतात. तो म्हणाला, मी जे पाहिलं ते सांगतो, पण ते म्हणतील पेपरात तर उलटं आहे. तेव्हा तुम्ही सांगा की ती बातमी मागच्या वर्षीची होती, तुम्हीच फळीवरून काढून सन बदललं. दोघं बोललो तर ऐकावं लागेल. "दीदी, तुम कहो तो कल चलें."

मी म्हटलं, बघू.

बघू म्हणजे नाही, हे त्यालाही कळलं. मला नोकरीची भीती होती. मालकाच्या पेपराविरुद्ध साक्ष देणाऱ्या बाईला कोण ठेवणार, आणि बाहेर शहरात दुसरी बाई कंपोझिटर कुणाला हवी होती? दुसरं कारण नाही. नवरा नको म्हणाला, सासू म्हणाली, असं मी बरीच वर्षं सांगत होते, ते खोटं. मी घरी विचारलंच नव्हतं. रामकिशन मग एकटाही गेला नाही. गेला असता तरी मशीनमनचं कुणी ऐकलं नसतं.

पुढच्या वर्षी दुबेजींनी तोच मॅटर माझ्यासमोर ठेवला. मी त्यांना म्हटलं, मी हे जुळवणार नाही. त्यांनी तो दुसऱ्याच्या पेटीवर ठेवला. माझी बहादुरी एवढीच. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आले, मला छापून आलेल्या मजकुराच्या पट्ट्या पानावर चिकटवायच्या कामाला लावलं, आणि तिथूनच मी रिटायर झाले. निरोपाला शाल मिळाली. रामकिशन त्याआधीच वारला.

वामनरावांनी दुसरं लग्न केलं नाही. शोभा आजीजवळ वाढली. ती आठ-नऊ वर्षांची असताना नळावर भांडण झालं आणि एका पोरीने तिला म्हटलं, तुझी आई तर तुला पायरीवर सोडून पाण्यात गेली. मी तिथे बादली घेऊन उभी होते. मी पोरीला दटावलं. पण शोभाला जवळ घेऊन काही सांगितलं नाही. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

या उन्हाळ्यात शोभा माझ्याकडे आली. शहराच्या कडेला महाराजपुरला राहते, साठी ओलांडली आहे, गुडघे धरून जिना चढली. वामनरावांच्या जुन्या पेटीत तिला ते कात्रण सापडलं होतं. पिवळं पडलेलं, मधे घडी फाटलेली. तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "मावशी, हे तुमच्याच पेपरचं ना? बाबांनी काहून ठेवलं असन हे?"

मी तिला सगळं सांगितलं. खडा मॅटर म्हणजे काय ते सांगितलं, रामकिशनचं कोपर सांगितलं, पाटावरच्या फण्या सांगितल्या, बघू म्हटलं तेही सांगितलं. ती मग म्हणाली, तिला त्या दिवसाचं एकच आठवतं. कुणीतरी दंड इतका घट्ट धरला होता की दुखलं होतं. लहानपणापासून तिला वाटायचं, तो आईचा हात होता आणि तिने तो नंतर सोडला.

मी म्हटलं, तो रामकिशनचा हात होता. आईने तुला त्याच्याकडे ढकललं.

तिने कात्रण फाटलेल्या घडीवर दुमडलं. मग म्हणाली, "तुम्ही तर रोज आमच्या दारावरून जात होत्या, मावशी."

जात होते. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना.

उठताना तिने मला हे लिहून मागितलं. हिंदीत लिहा म्हणाली, कारण तिच्या नातीला मराठी समजतं पण वाचता येत नाही. मी तिच्यासमोरच लिहिलं. दिवस, घाट, तुटलेला कठडा, कुसुमचं पूर्ण नाव, माझं नाव, पेपरातली बातमी मागच्या वर्षीची होती हे, आणि खाली सही. तिने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. म्हणाली, आईने मला वर ढकललं ते यात नाही. मी म्हटलं, ते मी पाहिलं नाही बाई, रामकिशनने पाहिलं.

"मंग रामकिशनने पाहिलं म्हणून लिहा," ती म्हणाली. "पण लिहा."

मी कागद परत घेतला आणि लिहिलं.